टॅनर स्ट्रीटचे पडदे

टॅनर स्ट्रीटवर हल्ली दिवसा कुणी पडदे ओढत नव्हतं. पुरतं उजाडायच्या आधीच घराघरांतून सर्र सर्र आवाज यायचे, पडदे बाजूला व्हायचे, दिवे लागायचे. उठलोय हो आम्ही, बघा एकदाचं, असं अख्खी गल्ली बोंबलून सांगायची. सांगायची कुणाला, तर रस्त्यावर त्या वेळी काळं कुत्रं नसायचं.

हे बघूनच नोरीन ऍकरॉइडला दमायला व्हायचं. तशी ती आधीच दमलेली असायची. साठी उलटलेली, गुडघे गेलेले, आणि पहाटेच्या बसनं गावात जाऊन ऑफिसांच्या फरशा पुसून ती परत यायची तेव्हा लोकांचा नाश्ताही व्हायचा असायचा. गल्लीच्या तोंडाशी बहुतेक रोज क्रेगची गाठ पडायची. क्रेग तिच्या शेजारच्या घरातला, पस्तिशीचा, एकटा, पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला. लहानपणापासून तिला मावशी म्हणायचा. नात्यातली नव्हे, या गल्लीत शेजारीण म्हणजे मावशीच.

"डोळे बघ जरा आरशात," नोरीन म्हणाली. "लालभडक झालेत. झोपतोस की नाही?"

"झोपतो की. तळघरात."

"अजून तळघरातच? त्या कोळशाच्या बिळात?"

"मग कुठं झोपू, मावशी? वर पडदा ओढला की झालंच. परवा ओढला होता. लगेच एक गाडी थांबली, दोन पोरं उतरली, खिडकीचा फोटो काढला, नि 'क्रेगराव, उठा, दुपार झाली' म्हणून काचेवर टकटक करून गेली." तो हसला आणि हसता हसता खोकायला लागला. "ओल फार आहे गं खाली."

टॅनर स्ट्रीटची घरं पाठीला पाठ लावून बांधलेली. मागं दार नाही, मागं खिडकी नाही, मागं दुसऱ्याचं घर. खाली एक खोली, वर एक-दीड, आणि खिडक्या काय त्या रस्त्यावरच्याच. ज्याला दिवसा झोपायचंय त्यानं पडदा ओढायचा, नाहीतर तळघर गाठायचं. गिरण्या नि रंगाचे कारखाने होते तेव्हा निम्मी गल्ली दिवसा झोपायची आणि त्यावर कुणी ब्र काढत नव्हतं. आता काप गेले नि भोकं राहिली.

सगळं झालं ते टीव्हीवाल्यांमुळं. आणि त्या टीव्हीवाल्यांना पहिला चहा पाजला होता तो नोरीननंच.

गेल्या वर्षी लंडनहून इमोजेन नावाची मुलगी आली होती. गोड मुलगी, खोटं कशाला बोला. फरशीवर मांडी ठोकून बसायची, बिस्किट चहात बुडवून खायची, नि म्हणायची, "आम्हाला खरी माणसं दाखवायचीत, नोरीन." नोरीनला कळेना, खोटी माणसं असतात तरी कुठं. पण पोरगी लांबून आलेली, गारठ्यात दाराशी उभी. चहा विचारल्याशिवाय राहवतं का? नोरीनच्या घरी चहा झाला म्हटल्यावर बाकीच्यांनीही दारं उघडली.

त्याच दिवसांत नोरीनचा नवरा विल्फ गेला. जन्म रंगाच्या कारखान्यात काढला होता नि फुप्फुसं तिथंच ठेवून आला होता. घड्याळाचा गजर व्हायच्या आधी उठणारा माणूस. गजर होईपर्यंत पडून राहणं म्हणजे त्याला कामचुकारपणा वाटायचा.

टॅनर स्ट्रीटवर माणूस गेलं की शेवटची रात्र त्याला घरी आणतात, खालच्या खोलीत शवपेटी ठेवतात. ज्या दिवशी न्यायचं त्या दिवशी सकाळीच सगळी गल्ली पडदे ओढते. रस्त्यावरून आडव्या बांधलेल्या दोऱ्यांवरचे कपडे उतरवले जातात. मूठमाती देऊन माणसं परत येईपर्यंत पडद्याला कुणी हात लावत नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानं आधी पडदा उघडायचा, मग बाकीच्यांनी. हे कुणी शिकवत नाही आणि कुणी विसरत नाही. विल्फच्या दिवशी सगळ्यांनी ओढले. समोरच्या ओळीतला टॅक्सीवाला शफीक, टोकाचं नवं पोलिश जोडपं, सगळ्यांनी. टीव्हीवाल्यांना एवढंच सांगितलं होतं, उद्या येऊ नका, जमायचं नाही. का जमायचं नाही, ते सांगितलं नाही. पडदे का ओढलेत हे कुणाला सांगावं लागतं, हेच मुळी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

इमोजेन आली नाही. तिचा एक कॅमेरावाला मात्र आला, गल्लीच्या तोंडाशी लांबच उभा राहिला, आणि शवपेटी न्यायची काळी गाडी यायच्या आत निघूनही गेला.

हिवाळ्यात कार्यक्रम लागला. नाव काय, तर 'सकाळ कधी होणार'. ब्रेंडाचा टीव्ही मोठा म्हणून सगळे तिच्याकडं जमले होते. ब्रेंडा गल्लीची तोफ. तिनं सॉसेज रोल भाजले होते, नवी लिपस्टिक लावली होती. टीव्हीवर टॅनर स्ट्रीट आली. दोन्ही बाजूंच्या खिडक्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि एक भारदस्त आवाज म्हणाला, "दुपारचे बारा वाजलेत. देश केव्हाच कामाला लागलाय. टॅनर स्ट्रीट मात्र अजून अंथरुणात आहे." मागं सर्कशीतल्यासारखं संगीत. मग क्रेगचं दार वाजलं, ते दुसऱ्याच कुठल्या दिवशीचं. क्रेग अर्ध्या चड्डीवर बाहेर आला, केस उभे, डोळे अर्धवट मिटलेले, नि म्हणाला, "काय कटकट आहे!" रात्रपाळी करून आत्ताच पडलोय, असंही तो म्हणाला होता. तेवढं कापलं होतं.

नोरीन टीव्हीतल्या आपल्या घराच्या खिडकीकडं बघत राहिली. त्या पडद्याआड विल्फ होता, शवपेटीत, इस्त्रीच्या शर्टात. जन्मात एकदा दुपारपर्यंत आडवा राहिला तर अख्ख्या देशानं त्याला आळशी म्हटलं.

ती उठली, कोट चढवला नि घरी गेली. रडली नाही. रडायलाही अंगात जोर लागतो. दुसऱ्या दिवशी तिनं इमोजेनला फोन लावला. तो कुणी उचलला नाही. मशीन म्हणालं निरोप ठेवा, तिनं ठेवला. "मी नोरीन. ते पडदे माझ्या नवऱ्यासाठी होते," एवढाच.

मग क्रेगचा तमाशा सुरू झाला. कारखान्यात लोक त्याला घड्याळं भेट द्यायला लागले. शफीकच्या टॅक्सीत स्टेशनवरून बसलेली माणसं त्यालाच विचारायची, ती आळशांची गल्ली इथं कुठं आहे हो, जाता जाता दाखवाल का? शफीक सकाळी सहापासून गाडी चालवणारा माणूस. तो म्हणायचा, "लांब आहे, साहेब," आणि दुसऱ्या रस्त्यानं न्यायचा. आणि हळूहळू, कुणी कुणाला न सांगता, सगळ्यांनी पडदे ओढणंच सोडलं.

समोरच्या घरात हिल्डा राहायची. नव्वदीला टेकलेली, एकटी, ना मूल ना बाळ. एके काळी गल्लीतली निम्मी बाळं तिच्या हातात जन्मली होती आणि निम्म्या मढ्यांना तिनं आंघोळ घातली होती. विल्फलासुद्धा तिनंच, खुर्चीत बसून, नोरीनला सांगत सांगत तयार करवलं होतं. वसंताच्या तोंडावर तिनं अंथरूण धरलं. तिची खाट खाली खिडकीपाशी आणून ठेवली होती, आणि नोरीन रोज दुपारी सूप घेऊन जायची.

"यात मीठ नाही," हिल्डा म्हणायची.

"डॉक्टरनं बंद केलंय."

"डॉक्टरला म्हणावं, मी मरायला टेकलेय. मीठ खाऊन आणखी किती मरणार?"

एकदा तिनं चमचा बाजूला सारला. "पोरी, मी दिवसभर इथनं बघते. कुणी पडदा ओढत नाही गं आता."

"दिवसाढवळ्या कशाला ओढायचा?"

"मला येड्यात काढू नकोस. मी जाईन तेव्हा ओढतील का?"

नोरीन वाटी पुसत बसली.

"या गल्लीतलं एक मढं मी उघड्या खिडक्यांमधनं जाऊ दिलं नाही," हिल्डा म्हणाली. "माझ्या आईनंही दिलं नाही. लढाईत वरनं बॉम्ब पडत होते, तेव्हासुद्धा नाही."

"लढाईत सरकारी हुकमानंच पडदे बंद होते, म्हातारे."

"तू गप्प बस." पण हिल्डाला हसू आलं, आणि हसण्यानं धाप लागली. धाप बसल्यावर तिनं नोरीनचं मनगट धरलं. "मला फुलं नकोत. बँडबाजा नको. तो पाद्री लांबण लावतो, त्याला आवर. पण मला सगळ्या जगाच्या देखत, उघड्या खिडक्यांसमोरनं, भाजीच्या टोपलीसारखी नेऊ नका गं. पडदे ओढा. शब्द दे."

"दिला," नोरीन म्हणाली. कशाच्या जोरावर दिला, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

आठवडा सरायच्या आत हिल्डा गेली. शुक्रवारी न्यायचं ठरलं. मागं कुणी नाही, तेव्हा घरचं माणूस म्हणून नोरीनच. काम करून आल्यावर, कोटही न काढता, ती दारोदार फिरायला लागली.

शफीकनं तिला आत बोलावून बसवलं. "हिल्डाआजीसाठी काय म्हणशील ते करतो, नोरीन. गाड्या माझ्या, जेवण माझ्या बायकोकडून. पण पडदे नको. माझ्या दाराचा नंबर टीव्हीवर दिसला होता. माझ्या पोराला शाळेत विचारतात, तुझा बाप उठला का? मी काय सांगू त्याला?"

पोलिश जोडप्यानं हात जोडल्यासारखं केलं नि 'बघू' म्हटलं. ब्रेंडानं दारातच कमरेवर हात ठेवले. "एकदा ओढले त्याचं काय झालं? तोंड काळं! परत तोच तमाशा? मला नाही बाई जमणार."

"हिल्डानं तुझी दोन्ही बाळंतपणं केलीत, ब्रेंडा."

"म्हणून तर मला रडू येतंय ना!" ब्रेंडा ओरडली, आणि तिला खरंच रडू आलं. "जा बाई तू आता."

क्रेग शवपेटीला खांदा द्यायला येतो म्हणाला. पडद्याचं विचारल्यावर त्यानं बुटांकडं बघितलं. "मावशी, मला सोडून कुणालाही सांग. बाकीच्यांचा पडदा म्हणजे पडदा. माझा पडदा म्हणजे बातमी."

घरी येऊन नोरीन जिन्याच्या पायरीवर बसली. आपण शब्द दिला नि आपल्याच्यानं तो पाळवत नाही, याची तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त कंटाळा आला होता. तेवढ्यात फोन वाजला.

"नोरीन? मी इमोजेन. तुमचा निरोप मला आत्ता मिळाला, आत्ता! मी ती कंपनीच सोडली होती, आता दुसऱ्या टीव्हीवाल्यांकडं आहे. मला इतकं वाईट वाटतंय. ते दृश्य दुसऱ्याच माणसानं घेतलं, ते कापून जोडणारे तिसरेच. तुमच्या नवऱ्यासाठी होते म्हणजे काय हो?"

नोरीननं सांगितलं. दोन वाक्यांत सांगून झालं.

मग इमोजेन म्हणाली, "देवा. पण किती सुंदर आहे हे! आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलंच नाही, पोरी."

"अजून करतात हे लोक?"

"शुक्रवारी करायचं होतं. समोरची म्हातारी गेली. पण कुणी तयार नाही. पुन्हा तेच दाखवाल म्हणून भितात."

"मग आम्ही येतो! नीट दाखवतो, खरं काय ते. विल्फचंसुद्धा सांगू. लोकांनी तुमची माफी मागितली पाहिजे, नोरीन."

नोरीननं डोळे मिटले. आगीतून उठून फुफाट्यात पडायचं हे, तिला कळत होतं. पण विल्फचं नाव कुणीतरी घेतलं होतं. आणि कॅमेरा येणार म्हटल्यावर गल्ली पडदे ओढणार, हेही तिला कळत होतं. शब्द पाळायला दुसरा रस्ता दिसेना. "या," ती म्हणाली.

झालंही तसंच. ब्रेंडानं संध्याकाळच्या आत गल्ली हलवली. "आता कळू दे त्यांना आपण कोण आहोत ते!" ती दारादारांत सांगत सुटली. शफीक फक्त एवढंच म्हणाला, "कॅमेरा आला तर प्रथा, नाही आला तर नाही. वा." पण त्यानंही हो म्हटलं.

शुक्रवारी सकाळी नोरीन कामावरून आली तेव्हा सगळे पडदे ओढलेले होते. दोन्ही ओळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोऱ्या रिकाम्या. रस्त्यावर बोलायचं झालं तरी आवाज खाली यावा, अशी शांतता. क्रेगचाही पडदा बंद होता. तो रात्रपाळीवरून थेट आलेला, काळा कोट घालून हिल्डाच्या दारात उभा, डोळे तारवटलेले. नोरीनला वाटलं, चला, झालं. म्हातारे, झालं गं.

मग इमोजेनची गाडी आली.

ती उतरली ती नोरीनच्या गळ्यातच पडली. डोळ्यांत खरंच पाणी होतं. मग तिनं गल्लीकडं बघितलं, कॅमेरावाल्याला खुणा केल्या, आणि हळूहळू एकेक निघायला लागलं. कुणाकडं जुन्या गिरणी-कामगारांच्या चपट्या टोप्या आहेत का? टॅनर स्ट्रीटवर शेवटची चपटी टोपी विल्फच्या बापानं घातली होती. इमोजेननं गाडीतून पिशवी आणली. त्यात चार होत्या. ब्रेंडाच्या नवऱ्यानं एक डोक्यावर ठेवली आणि गाढवासारखा उभा राहिला. कोपऱ्यावर कुठल्या तरी दुसऱ्या गावचा एक पितळी बाजावाला आणून उभा केला होता.

"हिल्डाला बाजा नको होता," नोरीन म्हणाली.

"अगदी हळू वाजवेल तो," इमोजेन म्हणाली. "आणि नोरीन, त्या दोऱ्यांवर थोडे कपडे टाकता येतील? चादरी वगैरे? म्हणजे गल्ली कशी जुन्यासारखी दिसेल."

"कपडे आजच्या दिवशी उतरवतात."

"हो का? बरं, बरं. राहू दे मग."

काळी गाडी आली. अंत्यविधीवाल्यांचा उंच टोपीवाला माणूस गाडीपुढं चालत आला, हिल्डाच्या दारापाशी थांबला. क्रेग, शफीक नि आणखी दोघं आत गेले. त्याच वेळी ढग सरकले आणि गल्लीत स्वच्छ ऊन पडलं. कॅमेरावाला इमोजेनच्या कानाशी लागला. ती धावतच नोरीनकडं आली.

"नोरीन, फक्त दोन मिनिटं. आत्ता काय सुंदर ऊन आलंय! आम्ही यायच्या आधीच तुम्ही पडदे ओढून टाकलेत ना, ते ओढतानाचं आम्हाला मिळालंच नाही. सगळ्यांनी एकदा उघडून, मी हात केला की एकदम परत ओढाल? एकेक खिडकी बंद होत गेली की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येईल."

"आत्ता?"

"पेटी बाहेर यायच्या आत."

तिचा एक माणूस हे सांगत दारोदार निघालाही होता. ब्रेंडाच्या वरच्या खिडकीत तिची सून होती. तिथला पडदा हलला, आणि एक वीतभर उजेड आत गेला.

"ब्रेंडा!" नोरीन म्हणाली. ओरडली नाही, पण गल्लीत ऐकू गेलं. "त्या पोरीला सांग हात काढायला."

पडदा परत मिटला.

"माणूस घरातनं निघायच्या वेळेला पडदा उघडत नसतात, बाळ," ती इमोजेनला म्हणाली.

"हो, कळतंय मला, पण एकदाच. दिसायला इतकं—"

"ती काय दिसायला मेलीये का?"

इमोजेनचा चेहरा पडला. "मी तुमच्या बाजूनं आहे, नोरीन. मला तुमच्यावरचा डाग पुसायचाय."

"ठाऊक आहे मला. तू वाईट नाहीस, वाईट असतीस तर बरं झालं असतं, दोन शिव्या तरी घातल्या असत्या." नोरीन दाराच्या चौकटीला टेकली. "गेल्या वेळी आम्ही आळशी होतो. आता टोप्या घालून गोड झालो. मी दमले गं. डाग राहू दे. म्हातारीला जाऊ दे."

"विल्फचं काय पण?"

हे मात्र नोरीनला लागलं. तिनं आपल्या घराच्या बंद खिडकीकडं बघितलं. "विल्फला जे ओळखत होते," ती म्हणाली, "त्यांनी त्या दिवशी पडदे ओढले होते."

आतून क्रेग नि शफीक शवपेटी घेऊन आले. बाजावाल्यानं बाजा तोंडाला लावला होता, शफीकनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, आणि त्यानं तो खाली घेतला. ब्रेंडाच्या नवऱ्यानं टोपी काढून इमोजेनच्या हातात दिली. हिल्डा बंद खिडक्यांमधून गेली. कॅमेरा चालू होता की बंद, नोरीननं बघितलं नाही.

प्रार्थनाघरात पाद्री लांबलाच. अर्ध्यातच क्रेगची मान पुढं पडली आणि तो बाकावर बसल्या बसल्या घोरायला लागला. मूठमाती झाल्यावर नोरीननं त्याला हॅमचं एक सँडविच हातात देऊन घरी पिटाळलं. "जा. आणि तळघरात जायचं नाही. वर जाऊन नीट पलंगावर पड. आज गल्लीत सगळेच बंद आहेत, तुझा कोण बघतोय?"

"आज ओळखू यायचा नाही, नाही का?" क्रेग म्हणाला. त्याला ती कल्पना फारच आवडलेली दिसली.

चहा झाला, कपबशा विसळून झाल्या, आणि शफीकनं सगळ्यांना फेऱ्या मारून गल्लीत आणून सोडलं. इमोजेनची गाडी गेली होती. एकेक जण आपापल्या घरात शिरला आणि दार लावून खिडकीपाशी उभा राहिला. आता नोरीननं पडदा उघडायचा, मग त्यांनी.

नोरीन कोट काढून खिडकीपाशी आली. पडद्याला हात घातला. आणि तिला भिंतीतून घोरणं ऐकू आलं. टॅनर स्ट्रीटच्या भिंती त्या केवढ्याशा; शेजारी कूस बदलली तरी कळतं. क्रेग वरच्या खोलीत, आपल्या पलंगावर, मेल्यासारखा झोपला होता. हिवाळ्यातल्या त्या कार्यक्रमापासून पहिल्यांदा.

तिचा हात तसाच राहिला. आपण उघडला की समोर शफीक उघडणार, ब्रेंडा उघडणार, या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्र सर्र होणार. आणि मग गल्लीत एकच खिडकी बंद राहणार.

तिनं हात काढून घेतला. चहा केला, अंधारातच विल्फच्या खुर्चीत बसली.

बऱ्याच वेळानं दारावर हलकीशी थाप पडली. ब्रेंडा होती. "नोरीन, बरी आहेस ना? उघडायचे ना आता? सगळे तुझ्यासाठी थांबलेत."

"थांबू दे."

"कशाला पण?"

"क्रेग झोपलाय."

ब्रेंडानं आत येऊन भिंतीशी कान नेला. "किती वेळ?" तिनं कुजबुजत विचारलं.

"उठेल तेव्हा उठेल."

ब्रेंडानं नाक पुसलं. "सांगते सगळ्यांना," ती म्हणाली, आणि चपला हातात घेऊन गेली.

बाहेर ऊन होतं. टॅनर स्ट्रीटवर एकही खिडकी उघडली नाही. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा एक गाडी कोपऱ्यावर हळू झाली, काच खाली गेली नि कुणीतरी हसलं. "बघ बघ," तो आवाज म्हणाला, "अजून झोपलेत."

झोपलाय, नोरीन मनाशी म्हणाली. तिनं बूट काढले, पाय स्टुलावर घेतले, आणि भिंतीपलीकडचं घोरणं ऐकत बसून राहिली.